शेवटची पाच मिनिटं

२९ एप्रिल १९७०. लॉस एंजेलिसमध्ये एनबीएच्या अंतिम मालिकेतला तिसरा सामना. तीन सेकंद उरले असताना न्यूयॉर्क निक्सच्या डेव्ह डीबुशेअरने बास्केट केली आणि निक्स १०२-१०० असे पुढे गेले. लेकर्सच्या विल्ट चेंबरलेनने चेंडू आत टाकला तो जेरी वेस्टच्या हातात. वेस्टने तो दोन-तीनदा आपटत पुढे नेला आणि मैदानाची मधली रेषा ओलांडायच्या आतच, साधारण साठ फुटांवरून, भिरकावून दिला. चेंडू थेट रिंगमधून गेला. डीबुशेअर पलीकडच्या रिंगखाली उभा होता, तो जागच्या जागी जमिनीवर कोसळला.

आजच्या नियमाने त्या बास्केटचे तीन गुण झाले असते आणि लेकर्स एका गुणाने जिंकले असते. पण लांबून मारलेल्या बास्केटला तीन गुण द्यायची पद्धत एनबीएत आली १९७९-८० च्या हंगामात. तेव्हा दोनच गुण मिळाले, बरोबरी झाली, जादा वेळेचा खेळ झाला आणि लेकर्स १११-१०८ असे हरले.

आता पंचावन्न वर्षं पुढे या. २१ मे २०२५, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन, समोर पुन्हा निक्स. इंडियाना पेसर्स तीन मिनिटांपेक्षा कमी वेळ उरला असताना चौदा गुणांनी मागे होते. अशा वेळी प्रेक्षक गाडी गाठायला उठू लागतात. तिथून पेसर्सनी सामना ओढत आणला. शेवटच्या क्षणी टायरीस हॅलिबर्टनने मारलेला चेंडू रिंगच्या मागच्या कडेवर आदळून उंच उडाला आणि सरळ खाली येऊन आत पडला. हॅलिबर्टनला वाटलं तीन गुण, सामना जिंकला. त्याने स्वतःच्या गळ्याला हात लावून निक्सच्या प्रेक्षकांना 'कच खाल्लीत' अशी खूण केली. हीच खूण पेसर्सच्या रेजी मिलरने नव्वदच्या दशकात याच मैदानावर केली होती, आणि त्या रात्री तो मिलर समालोचक म्हणून तिथेच बसलेला. पंचांनी चित्रफीत पाहिली तेव्हा हॅलिबर्टनचा पाय रेषेवर निघाला. दोनच गुण. बरोबरी. पुन्हा जादा वेळ.

फरक एवढाच, की पेसर्स जादा वेळेत १३८-१३५ असे जिंकले. त्यामुळे ती खूण अजरामर झाली. हरले असते तर तीच खूण त्याची फजिती म्हणून जन्मभर दाखवली गेली असती. आणि एक गोष्ट त्या जल्लोषात बुडूनच गेली. पेसर्सना इथवर आणलं होतं ॲरन नेस्मिथने, चौथ्या सत्रात तीन-तीन गुणांच्या सहा बास्केट करून. दुसऱ्या दिवशी छायाचित्र छापून आलं ते हॅलिबर्टनच्या गळ्यावरच्या हाताचं.

'क्लच' खेळाडू कोण, हा बास्केटबॉलमधला सगळ्यात जुना आणि सगळ्यात चवीचा वाद. जॉर्डन की कोबी, कोबी की लेब्रॉन, लेब्रॉन की करी. मोक्याच्या घडीला चेंडू कुणाच्या हातात द्यायचा? हा वाद सुटत नाही याचं कारण लोक हट्टी असतात एवढंच नाही. एकाच नावाखाली आपण तीन वेगळे प्रश्न विचारत असतो. शेवटचा शॉट मारायची हिंमत कुणात आहे? मारलेला शॉट कुणाचा जातो? आणि त्या क्षणी योग्य ते कोण करतो? तिन्हींची उत्तरं एकच निघतील असं मानायला काही आधार नाही.

लीगने आपल्या परीने व्याख्या करून ठेवली आहे. चौथ्या सत्राची शेवटची पाच मिनिटं किंवा जादा वेळ, आणि दोन्ही संघांतलं अंतर पाच गुणांच्या आत. एवढं जुळलं की तो खेळ 'क्लच'च्या खात्यात जमा. हिशेबाला सोयीची आहे, पण मोठी ढोबळ चाळण आहे. पावणेपाच मिनिटं उरलेली असताना चार गुणांची आघाडी असलेल्या संघाने केलेली बास्केट आणि घड्याळात अर्धा सेकंद असताना बरोबरीत केलेली बास्केट, दोन्ही एकाच खात्यात पडतात. पाच मिनिटांत बास्केटबॉलचा सामना तीनदा फिरू शकतो.

२०२२-२३ पासून या कामगिरीसाठी स्वतंत्र पुरस्कारही सुरू झाला. त्याच्या चषकाला नाव दिलंय जेरी वेस्टचं. वेस्टला खेळत असतानाच 'मिस्टर क्लच' म्हणायचे, म्हणून हे नाव साहजिकच. पण त्याचा हिशेब मांडला तर गंमत वाटते. वेस्ट नऊ अंतिम मालिका खेळला आणि त्यांतल्या आठ हरला. एकमेव विजेतेपद मिळालं ते १९७२ साली. १९६९ च्या अंतिम मालिकेतल्या सातव्या सामन्यात त्याने ४२ गुण केले, १३ रिबाउंड (चुकलेल्या शॉटनंतर उडालेले चेंडू) घेतले, १२ पास असे दिले की त्यांवर बास्केट झाल्या, आणि तरी बॉस्टन दोन गुणांनी जिंकलं. मालिकेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवड मात्र वेस्टची झाली. हरलेल्या संघातल्या खेळाडूला तो मान मिळण्याची ती आजवरची एकमेव वेळ. त्या काळच्या लोकांना एवढं कळत होतं, की संघ हरला म्हणून माणूस कमी पडला असं होत नाही. आज चित्रवाणीवर रोज रात्री रंगणाऱ्या चर्चांमध्ये हे कुणी ऐकून घेईल का, शंकाच आहे.

कोबी ब्रायंटइतका या वादात भरडला गेलेला खेळाडू दुसरा नाही. एनबीएच्या संघांचे सरव्यवस्थापक दर हंगामाआधी एका पाहणीत मतं देतात. 'सामना एका शॉटवर आला तर चेंडू कुणाला द्याल?' हा त्यातला नेहमीचा प्रश्न. कोबीच्या ऐन भरात त्याचं उत्तर वर्षानुवर्षं ठरलेलं असे, आणि तेही मोठ्या बहुमताने. ज्यांचं पोटच खेळाडू जोखण्यावर चालतं अशी ही माणसं. मग जानेवारी २०११ मध्ये हेन्री ॲबट या पत्रकाराने ईएसपीएनवर एक हिशेब मांडला. शेवटचे २४ सेकंद, लेकर्स बरोबरीत किंवा एक-दोन गुणांनी मागे. १९९६ पासून अशा घडीला कोबीने मारलेले शॉट ११५. गेले ३६. चुकले ७९.

म्हणजे टक्केवारी ३१. कोबीच्या चाहत्यांना हे अर्थातच पटलं नाही आणि त्यांचं सगळंच म्हणणं चुकीचं नव्हतं. त्या २४ सेकंदांत सगळ्यांचीच टक्केवारी कोसळते. कारणं खेळाच्या रचनेतच आहेत. एरवी सामन्यात कितीतरी बास्केट पळत जाऊन, समोरचा बचाव लागायच्या आत होतात. शेवटच्या घडीला हे बंद होतं. टाइमआउट घेतलेला असतो, बचाव करणारे पाचही जण आपापल्या जागी उभे असतात, आणि पायांत चाळीसेक मिनिटांचा थकवा असतो. शिवाय दोन्हीकडच्या प्रशिक्षकांना ठाऊक असतं, चेंडू कुणाकडे जाणार. बाकीचे चौघे बाजूला सरकतात आणि एकटा खेळाडू समोरच्याला भिडतो. बास्केटबॉलमध्ये बास्केट करायच्या ज्या अनेक तऱ्हा आहेत त्यांतली ही बहुधा सगळ्यात महागडी. तरी प्रत्येक संघ नेमकी हीच वापरतो. प्रशिक्षकाची अडचण आपण समजू शकतो: मोठ्या खेळाडूच्या हातून सामना गेला तर लोक हळहळतात, राखीव खेळाडूच्या हातून गेला तर प्रशिक्षकाला धारेवर धरतात.

दुसरा मुद्दा निव्वळ गणिताचा. समजा, एखाद्या खेळाडूचा खरा नेम ४५ टक्के आहे. दडपण असो-नसो, तो बदलत नाही. अशाने मोक्याच्या वेळी शंभर शॉट मारले तर ४५ जातील असं काही नाही. केवळ योगायोगाने ते ३५ ते ५५ यांच्या मध्ये कुठेही असू शकतात, आणि विसातून एखाद्या वेळी त्याच्याही बाहेर. ३५ पडले की आपण म्हणणार याच्या छातीत दम नाही. ५५ पडले की पोलादी मनाचा. माणूस तोच, नेम तोच. आणि शंभर शॉट ही काही छोटी संख्या नव्हे. अख्ख्या हंगामात लीगच्या व्याख्येतले इतके शॉट वाट्याला येणारे खेळाडू मोजकेच असतात. म्हणूनच एका हंगामाच्या आकड्यांवरून क्लचचा मुकुट चढवणं आणि पुढच्या हंगामात तो काढून घेणं हा दरवर्षीचा खेळ होऊन बसला आहे.

मग आपली खात्री एवढी पक्की का असते? कारण स्मरणशक्ती शॉट मोजत नाही, चित्रं साठवते. शारजात १९८६ साली चेतन शर्माच्या शेवटच्या चेंडूवर मियांदादने मारलेला षटकार आपल्याकडच्या एका अख्ख्या पिढीला आजही छळतो; त्यानंतर मियांदाद किती वेळा ऐन वेळी बाद झाला हे त्यांतल्या कुणालाही सांगता येणार नाही. कोबीचे ३६ शॉट पुन्हा पुन्हा दाखवले जातात. ७९ चुकलेल्यांची चित्रफीत कोण बघणार?

कोबीचा एक सामना मला या संदर्भात फार बोलका वाटतो. २०१० च्या अंतिम मालिकेतला सातवा, बॉस्टनविरुद्ध. त्या रात्री त्याचा नेम साफ बिघडला होता. २४ शॉटपैकी फक्त सहा गेले. पण नेम लागत नाही म्हणून तो कोपऱ्यात जाऊन उभा राहिला नाही. गार्ड असून त्याने १५ रिबाउंड ओढले. शेवटच्या मिनिटाच्या सुमारास त्याच्यावर बचाव दाटला तेव्हा त्याने चेंडू रॉन आर्टेस्टकडे दिला, आणि आर्टेस्टने तीन गुणांची बास्केट केली. लेकर्स ८३-७९ असे जिंकले. स्वतःचा दिवस नसताना जिंकायला कशी मदत करायची, याचा हा नमुना कोबीच्या त्या ३६ बास्केटांइतकाच मोलाचा आहे. पण त्याचं पोस्टर निघत नाही.

दडपणाने खरंच फरक पडतो का, हे तपासायचं तर बचाव, थकवा, डावपेच असलं सगळं बाजूला काढून पाहायला हवं. बास्केटबॉलमध्ये अशी एक सोय आहे: फ्री थ्रो. फळ्यापासून पंधरा फुटांवरची रेषा, समोर अडवायला कुणी नाही, चेंडू तोच, अंतर तेच. लहानपणापासून हजारो वेळा केलेली कृती. झेंग काओ, जोसेफ प्राइस आणि डॅनियल स्टोन या अभ्यासकांनी २०११ मध्ये एनबीएतले फ्री थ्रो असे तपासले. अगदी अटीतटीच्या सामन्यांत शेवटच्या काही सेकंदांत खेळाडूंची टक्केवारी नेहमीपेक्षा पाच ते दहा अंकांनी घसरते, असं त्यांना आढळलं. ज्यांचा नेम एरवीच कच्चा ते जास्त घसरतात. आणि दोनपैकी पहिला चुकला की दुसराही चुकण्याचा धोका वाढतो.

दडपणाखाली सगळे जरा बिघडतातच. ज्याला आपण क्लच म्हणतो, तो त्या घडीला स्वतःपेक्षा मोठा होतो असा आपला समज असतो. माझ्या मते तो इतरांपेक्षा कमी बिघडतो, बस इतकंच. ऐकायला हे फारसं भव्य नाही, मान्य. पण त्या घडीला नेहमीइतकंच चांगलं राहणं किती अवघड असतं, ते निक अँडरसनला विचारा.

७ जून १९९५, ऑर्लँडो. अंतिम मालिकेतला पहिला सामना. ऑर्लँडोचा मॅजिक संघ ह्यूस्टनपेक्षा तीन गुणांनी पुढे, साडेदहा सेकंद उरलेले, आणि अँडरसनला दोन फ्री थ्रो. एक जरी गेला तरी सामना जवळपास खिशात. पहिला चुकला. दुसरा चुकला. पण उडालेला चेंडू स्वतः अँडरसननेच उडी मारून मिळवला, आणि ह्यूस्टनने त्याला पुन्हा पाडलं. म्हणजे आणखी दोन फ्री थ्रो. नशीब सहसा असं दुसऱ्यांदा दार ठोठावत नाही. तेही दोन्ही चुकले. मग केनी स्मिथने तीन गुणांची बास्केट करून बरोबरी साधली, जादा वेळेत ह्यूस्टन १२०-११८ असं जिंकलं आणि पुढे मालिका ४-० अशी खिशात घातली. त्या हंगामात अँडरसनच्या दहापैकी सात फ्री थ्रो जात होते. दोन वर्षांनी, १९९६-९७ मध्ये, दहापैकी चारच जाऊ लागले. हाताला काही झालं नव्हतं. नेम धरणारा हात मनाच्या ताब्यात गेला होता.

मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमाइस्टर यांनी १९८० च्या दशकात याच गोष्टीवर प्रयोग केले होते. सवयीने अंगवळणी पडलेली कृती करताना माणूस स्वतःकडे बारकाईने पाहू लागला की कृती विस्कटते. कोपर किती वाकवायचं, मनगट कधी सोडायचं, हे शरीराला ठाऊक असतं. दडपणाखाली डोकं मध्ये पडतं आणि शिकवायला लागतं. युटाच्या कार्ल मलोनचंही असंच झालं असावं. १९९७ च्या अंतिम मालिकेतला पहिला सामना, रविवारचा दिवस, धावफलक ८२-८२, आणि मलोनला दोन फ्री थ्रो. त्याचं टोपणनाव 'मेलमन', म्हणजे पोस्टमन. दिलेलं काम पोचवणारा. शिकागोचा स्कॉटी पिपेन त्याच्या जवळून जाताना कानात पुटपुटला, की पोस्टमन रविवारी टपाल वाटत नाही. दोन्ही फ्री थ्रो चुकले. पुढच्या चालीत मायकल जॉर्डनने शेवटच्या क्षणी बास्केट करून सामना जिंकला. लोकांना हे दोन शॉट लक्षात आहेत. त्याच्या थोडंच आधी खुद्द जॉर्डनचाही दोनपैकी एक फ्री थ्रो चुकला होता, हे फारसं कुणाला आठवत नाही.

जॉर्डनवर यावंच लागतं. या वादात त्याचं नाव आलं की समोरचा हात जोडतो. माझंही मत शेवटी त्याच्याच बाजूने पडतं, पण नेहमी दिल्या जाणाऱ्या कारणासाठी नाही. नेहमीचं कारण म्हणजे १४ जून १९९८, सॉल्ट लेक सिटी. बेचाळीस सेकंद उरलेले, युटा तीन गुणांनी पुढे. जॉर्डन मुसंडी मारून रिंगपर्यंत जातो, अंतर एका गुणावर. युटाचा चेंडू मलोनकडे जाणार हे त्याने हेरलेलं असतं. तो मागच्या बाजूने येतो आणि मलोनच्या हातातून चेंडू हिसकावतो. टाइमआउट नाही. सावकाश पुढे येतो, ब्रायन रसेल समोर, एक झटका, रसेल घसरतो, जॉर्डन उडी घेतो. ५.२ सेकंद बाकी. ८७-८६. सामना आणि सहावं विजेतेपद. त्याने रसेलला हाताने ढकललं की नाही यावर अजून भांडणं होतात; चित्रफीत पाहिली की मला तो हात दिसतो, पण रसेल स्वतःच्याच वेगाने चालला होता असंही दिसतं. त्या रात्री जॉर्डनने ३५ शॉट मारले आणि २० चुकवले, हेही नोंदवून ठेवू.

पण माझं कारण एक वर्ष आधीचं. १३ जून १९९७, शिकागो, हाच प्रतिस्पर्धी, अंतिम मालिकेतला सहावा सामना, ८६-८६. टाइमआउटमध्ये जॉर्डन शेजारी बसलेल्या स्टीव्ह करला सांगतो की युटाचा स्टॉकटन तुला सोडून माझ्यावर धावून येईल, तयार राहा. हे चित्रित झालेलं आहे. खेळ सुरू होतो. चेंडू जॉर्डनकडे, आणि त्याने सांगितल्याप्रमाणे स्टॉकटन करला सोडून त्याच्यावर येतो. जॉर्डन चेंडू देतो. कर जवळपास सतरा फुटांवरून मारतो, जातो, पाच सेकंद बाकी. शिकागो बुल्स अजिंक्य. जगातला सगळ्यात हट्टी, सगळ्यात अहंकारी शॉट मारणारा माणूस, विजेतेपदाच्या घडीला चेंडू देतो तो संघातल्या एका सडपातळ राखीव खेळाडूला. त्याआधी १९९३ मध्येही शेवटची चाल जॉर्डनपासून सुरू होऊन जॉन पॅक्सनच्या तीन गुणांवर संपली होती. हिंमत, नेम आणि निर्णय, तिन्हींची उत्तरं एकाच माणसात सापडण्याच्या जवळ कुणी आलं असेल तर तो हाच.

लेब्रॉन जेम्सला याच निर्णयासाठी वर्षानुवर्षं शिव्या खाव्या लागल्या. २००७ मध्ये डेट्रॉइटविरुद्धच्या मालिकेत पहिल्याच सामन्यात त्याने शेवटच्या चालीत स्वतः न मारता कोपऱ्यात मोकळ्या असलेल्या डॉनयेल मार्शलकडे चेंडू दिला. मार्शलचा नेम चुकला, आणि लेब्रॉनवर डरपोक असा शिक्का बसला. त्याच मालिकेच्या पाचव्या सामन्यात त्याने क्लीव्हलँडच्या शेवटच्या ३० गुणांपैकी २९ एकट्याने केले. डरपोक? २०११ च्या अंतिम मालिकेत तो डॅलसपुढे खरोखरच हरवल्यासारखा खेळला. चौथ्या सामन्यात त्याचे गुण होते आठ. ते झाकण्यात अर्थ नाही. पण २०१६ च्या अंतिम मालिकेतल्या सातव्या सामन्यात, ८९-८९ अशी बरोबरी असताना, अर्ध्याहून जास्त मैदान धावत येऊन त्याने आंद्रे इग्वोडालाचा चेंडू फळ्यावर अडवला. नेमाच्या टक्केवारीत ही गोष्ट कुठे बसत नाही. त्यानंतर कायरी अर्विंगने निर्णायक तीन गुण केले आणि क्लच म्हणून नाव झालं ते अर्विंगचं.

अर्विंगला ते द्यावंच. पण कोपऱ्यात वाट बघत उभ्या असणाऱ्यांचीही एक जमात आहे. रॉबर्ट हॉरीने तीन संघांकडून सात विजेतेपदं मिळवली. तो कधीच संघाचा मुख्य खेळाडू नव्हता, आणि तरी मोक्याच्या शॉटांची त्याची यादी भल्याभल्यांना लाजवेल. किंवा रे ॲलन. २०१३ च्या अंतिम मालिकेतल्या एका सामन्यात सॅन अँटोनिओ २८ सेकंद असताना पाच गुणांनी पुढे होतं. चषक द्यायच्या तयारीत मैदानाभोवती पिवळी दोरी घेऊन कर्मचारी आलेसुद्धा. अंतर तीन गुणांवर आलं, मग तेव्हा मायामीकडून खेळणाऱ्या लेब्रॉनचा शॉट चुकला, ख्रिस बॉशने रिबाउंड घेतला, ॲलन उलट्या पावलांनी कोपऱ्यातल्या रेषेबाहेर सरकला, खाली न बघता, आणि मारला. ५.२ सेकंद. बरोबरी. मायामी तो सामना जिंकलं आणि नंतर मालिकाही. उलट्या पावली कोपऱ्यात जाऊन मारायचा हा सराव ॲलन अनेक वर्षं करत असे, अगदी जमिनीवर पडून, उठून, मागे धावत. पाय कुठे टेकवायचा हे त्याला बघावं लागलं नाही. बाउमाइस्टर यांनी सांगितलेला धोका टाळायचा मार्ग हाच असावा: डोक्याला मध्ये पडायला जागाच ठेवायची नाही.

पहिला जेरी वेस्ट चषक मिळाला सॅक्रामेंटो किंग्जच्या डीॲरन फॉक्सला. लीगच्या व्याख्येतल्या त्या शेवटच्या मिनिटांत त्याने हंगामात १९४ गुण केले होते, सगळ्यांत जास्त. फॉक्सला मुंबईकरांनी जवळून पाहिलेलं आहे. किंग्जचे मालक विवेक रणदिवे मूळ मुंबईचे. ऑक्टोबर २०१९ मध्ये किंग्ज आणि पेसर्स हंगामपूर्व सामने खेळायला वरळीच्या एनएससीआय डोममध्ये आले होते. पहिला सामना, प्रेक्षक म्हणून बहुतेक शाळकरी मुलं, आणि निकाल लागला जादा वेळेत, १३२-१३१, पेसर्सच्या बाजूने. एनबीएच्या भारतातल्या पहिल्यावहिल्या सामन्याने मुलांना थेट शेवटच्या पाच मिनिटांचीच चटक लावली म्हणायची.

चषक मिळाल्यानंतर आठवडा होतो न होतो तोच, २३ एप्रिल २०२३ ला, फॉक्सची कसोटी लागली. सॅन फ्रान्सिस्कोत गोल्डन स्टेट वॉरियर्सविरुद्धच्या मालिकेतला चौथा सामना. वॉरियर्स पाच गुणांनी पुढे, पाऊण मिनिट उरलेलं. आणि स्टीफन करीने टाइमआउट मागितला. वॉरियर्सकडे टाइमआउट शिल्लकच नव्हता. चार विजेतेपदं मिळवलेला माणूस, आणि शाळेतल्या मुलाने करावी तशी चूक! दंड म्हणून किंग्जला एक फ्री थ्रो आणि वर चेंडू. फ्री थ्रो गेला, लगेच फॉक्सने तीन गुण केले, १२६-१२५. करीचा पुढचा शॉट चुकला. दहाएक सेकंद उरलेले, चेंडू फॉक्सच्या हातात. हीच ती घडी, ज्यासाठी चषक दिला होता.

फॉक्स पुढे घुसला, त्याला दोघांनी घेरलं, आणि त्याने चेंडू दिला हॅरिसन बार्न्सला. बार्न्स मोकळा होता. तीन गुणांच्या रेषेबाहेरून त्याचे त्या हंगामात तीनातल्या एकाहून जरा जास्तच शॉट जात होते. दोघांच्या हातांवरून अवघडलेल्या फॉक्सने मारण्यापेक्षा हा सौदा कितीतरी बरा. शॉट चुकला. वॉरियर्स जिंकले, पुढे मालिकाही त्यांचीच झाली. सातव्या सामन्यात सॅक्रामेंटोत जाऊन करीने ५० गुण केले. फॉक्सने त्या चौथ्या सामन्यात डाव्या तर्जनीचं हाड मोडून घेतलं होतं. पुढच्या वर्षीचा जेरी वेस्ट चषक करीला मिळाला, आणि त्याच उन्हाळ्यात पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात फ्रान्स अंगावर येत असताना शेवटच्या तीन मिनिटांत त्याने तीन-तीन गुणांच्या चार बास्केट लागोपाठ टाकल्या. नसलेला टाइमआउट मागणारा करी तो हाच.

फॉक्सने चेंडू द्यायला नको होता, असं म्हणणारे त्या रात्री पुष्कळ होते. वॉरियर्सच्या बाकावर प्रशिक्षक म्हणून बसला होता स्टीव्ह कर. सव्वीस वर्षांपूर्वी दोघांनी घेरलेल्या खेळाडूकडून असाच चेंडू त्याच्याकडे आला होता. जॉर्डनचा तो पास शहाणपणाचा आणि फॉक्सचा भित्रेपणाचा, असं ठरवायचं असेल तर कारण सांगावं लागेल. आणि एकाचा शॉट गेला, दुसऱ्याचा चुकला, हे कारण मी तरी धरणार नाही.